रोजची एक चूक

२ मार्च

वही नवी नाही. शर्टांच्या कारखान्यातली आहे. कारखाना बंद झाला त्या दिवशी टेबलावर पडली होती, उचलून आणली. पंधरा वर्षं तिथे शिवणी तपासल्या, त्यापुढे एक वही म्हणजे काही दरोडा नाही. पुढची पानं फाडली आणि ही सुरुवात.

कारण बोलायला कुणी उरलं नाही. नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरने कड्यावर पाऊल ठेवायचं नाही असं बजावलं, आणि हे महाशय शहरातल्या गोदामात खुर्चीवरची नोकरी धरून बसले. महिन्यातून एकदा येतील. घरात मी आणि सासरे. अण्णा बोलत नाहीत असं नाही, पण ते सगळं पाहुण्यांशी. माझ्या वाट्याला येतं ते "चहा" आणि "पुरे".

आज जेवताना एकदम म्हणाले, "तू शीक."

"काय शिकू?"

"वाट."

"अण्णा, मी सत्तेचाळीस वर्षांची आहे."

"मग काय झालं? कडा तुझ्याहून मोठाच आहे, तो कुठे तक्रार करतो?"

रस्त्यावरच्या पाटीवर 'व्हिया फेराटा, नवशिक्यांसाठी' असं लिहिलंय. घरात आम्ही नुसतं तारवाट म्हणतो. कड्याला खालपासून वरपर्यंत पोलादी तार ठोकलेली आहे, पायाखाली लोखंडी पायऱ्या. जन्मात डोंगर न चढलेला माणूसही कमरेला पट्टा बांधतो, तारेत हुक अडकवतो, वर जातो आणि खाली येऊन चारचौघांत छाती फुगवतो. अण्णांनी आणि गवंडीकाकांनी मिळून ती तरुणपणी ठोकली. तिच्यावरच आमचं घर चालतं. पण गट न्यायला दोन माणसं लागतात, एक पुढे आणि एक मागे. मागचा गोदामात बसलाय. म्हणजे फिरून फिरून मीच.

उंचीची मला भीती नाही. कंटाळा आहे.

६ मार्च

हाडं खिळखिळी झालीत. पेन धरायला बोटं वळत नाहीत, तरी लिहिते.

अण्णांनी मला वर नेलं. प्रत्येकाच्या पट्ट्याला दोन दोऱ्या असतात, दोन्हींच्या टोकाला एकेक हुक. दोन्ही हुक तारेत अडकवायचे. तार जिथे खडकातल्या खुंट्याला आवळलेली असते तिथे हुक अडतो. मग एक हुक काढायचा, खुंट्याच्या पलीकडे लावायचा, खटका बसला का बघायचं, आणि त्यानंतरच दुसरा काढायचा. दोन्ही एकदम कधीही काढायचे नाहीत. "यात समजायला अवघड काही नाही आणि माणसं मरतात ती यातच," असं अण्णांनी सांगितलं आणि मोठी जांभई दिली. किती हजार लोकांना सांगितलं असेल.

आधी शिडी, मग एक तिरका कातळ, मग 'न्हाव्याची खुर्ची'. ही खुर्ची म्हणजे खडकातली लांबट ओटी, तिथे टेकून बसलं की मान आपोआप मागे जाते. तिच्यापुढे झुलता पूल, पायाखाली एक तार आणि हातांना दोन.

अण्णा "खाली बघू नको" वगैरे म्हणाले नाहीत. उलट म्हणाले, "खाली बघ. एकदाचं बघून घे आणि संपव." बघितलं. घराच्या पत्र्यावर नवऱ्याचा बूट पडलेला दिसला, तोच हरवलेला, ज्यावरून त्याने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता.

पुलावर मी इंच इंच सरकत होते तेव्हा अण्णा पलीकडे उभे राहून नखं साफ करत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. मागच्या पायवाटेने मी रडतखडत उतरले. घरी येऊन भात मीच लावला. दुसरं कोण लावणार?

१० मार्च

आज अब्रू गेली.

अण्णांची शिकवायची एक पद्धत आहे. सकाळी, पाहुणे यायच्या आत, ते सामानाच्या खोलीत मुद्दाम एक चूक ठेवतात. एखाद्या हेल्मेटची पट्टी पिळलेली, एखाद्या हुकाचा खटका अडकलेला, असं काहीतरी. कुठे ते सांगत नाहीत. शिकणाऱ्याने ती शोधायची, वस्तू टेबलावर आणून ठेवायची आणि मोठ्याने म्हणायचं, "सापडली!" मग अण्णा म्हणणार, "हं." तेवढंच. नवरा असाच शिकला, नणंद अशीच शिकली. पाहुणा आला तरी सापडली नाही, तर अण्णा पाहुण्याच्या हातातून ती वस्तू हळूच काढून घेतात, नीट करून परत देतात आणि शिकणाऱ्याकडे बघतही नाहीत. ते न बघणंच फार लागतं.

आज ते मला लागलं. एक दातांचे डॉक्टर आले होते. त्यांनी उचललेल्या कमरपट्ट्याची पट्टी बकलातून परत वळवून घातलेली नव्हती. ओढ बसली असती तर सरळ निसटली असती. अण्णांनी तो पट्टा काढून घेतला तेव्हा मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेतला मी!

जेवताना विचारलं, "अण्णा, रोज एकच असते?"

"एकच. दोन कधी ठेवायच्या नाहीत."

"का?"

"दोन ठेवल्या तर ठेवणाराच एक विसरायचा. आणि पाहुणा ती अंगावर घालून वर जायचा."

१३ मार्च

सापडली. "हं."

१७ मार्च

सापडली, आणि चहा उकळायच्या आत. युक्ती कळली. शिवणी तपासताना आम्ही डोळ्यांवर भरवसा ठेवायचो नाही, बोटं फिरवायचो. कापडाला जिथे झोल आहे तिथे बोट थांबतं. पट्ट्यांचंही तसंच. डोळे मिटून हात फिरवला आणि तिसऱ्याच पट्ट्याशी बोट थांबलं.

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर म्हणतो, "तू चुका काढायलाच जन्माला आली आहेस. मला विचार." मेला!

२९ मार्च

आज दोन होत्या!

पहिली सापडली, टेबलावर ठेवली, "हं" मिळालं. सवयीने बाकीच्यांवरही हात फिरवला, तर एका हेल्मेटची हनुवटीची पट्टी उलट्या बाजूने ओवलेली. मी ओरडले, "अण्णा, दुसरीपण सापडली!" अण्णांनी हेल्मेट घेतलं, उलटसुलट करून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "हं," म्हणाले, पण जरा उशिरा. शाबासकी द्यायची सवय नाही, जीभ अडखळली असेल.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आम्हाला तर एकच असायची."

"तू ढ होतास."

तो हसला. मीही हसले, पण फोन ठेवल्यावर खोलीत उगाच दोन फेऱ्या मारल्या. आजवर कुणी माझ्यासाठी स्वतःचा नियम मोडला नव्हता. कारखान्यात निरोपाच्या दिवशीसुद्धा साहेबांनी माझं नाव चुकीचं घेतलं होतं.

८ एप्रिल

पाहुण्यांची रीघ लागलीय. सकाळी सामान, मग कडा, मग घामट हातमोजे धुणं, मग स्वयंपाक. रात्री पाय उशीवर ठेवून झोपते, तरी सकाळी तेच पाय दुसऱ्या कुणाचे तरी वाटतात.

किटली जाळली. पाणी आटून बूड काळं झालं होतं, घरभर वास. मीच ठेवून विसरले असणार. मला आठवत नाही, पण आठवायला डोकं जागेवर कुठे आहे? अण्णा बिचाऱ्यांनी गुपचूप खिडकी उघडली.

न्हाव्याच्या खुर्चीवर अण्णांचा ठरलेला विनोद आहे. "इथे न्हावी नाही, पण केस आपोआप उभे राहतात, कापायला सोपे." आज एकाच गटाला त्यांनी तो दोनदा सांगितला. लोक दोन्ही वेळा हसले. एवढ्या उंचीवर माणूस कशालाही हसतो.

आज तीन होत्या. तिन्ही सापडल्या.

२१ एप्रिल

आज अण्णांनी मला पुढे चालायला दिलं! ते मागे राहिले. पूल ओलांडून गटाला वर नेलं आणि एकाही पाहुण्याला कळलं नाही की बाईंची ही पहिलीच खेप आहे. एक जण म्हणाला, "तुम्ही किती वर्षं हे करताय?" मी म्हटलं, "सासरी आले तेव्हापासून." खोटं तरी कसं म्हणायचं?

आता परीक्षा कड्यावरही सुरू झालीय. कातळ चढून गेल्यावर अण्णांनी मागून हाक मारली, "पुढचा खुंटा कुठल्या अंगाला?" ज्याने स्वतःच्या हाताने भोक पाडून ठोकला, तो मला विचारतो! मी म्हटलं, "डावीकडे, अण्णा." म्हणाले, "हं."

मोठे पक्के गुरुजी आहेत.

५ मे

नणंद येऊन गेली. आली की पहिल्यांदा फ्रिज उघडून बघते, मग मला.

"वहिनी, अण्णा किती वाळलेत. जेवतात ना नीट?"

मी म्हटलं, "तू चार दिवस राहा आणि जेवू घाल." झालं, तोंड फुगलं. मग माझ्याशी न बोलता अण्णांजवळ जाऊन बसली. जाताना दारात म्हणाली, "अण्णांनी मला विचारलं, परीक्षा कधी आहे तुझी. दोनदा विचारलं."

"थट्टा करत असतील."

"चाळीस वर्षांची झाले मी."

"म्हणूनच तर थट्टा."

तिला हसू आलं नाही. तिला कधीच येत नाही. गाडीत बसताना डोळे पुसत होती. आमच्यात जरा वाजलं की ही रडते आणि मग नवरा फोनवर मला बोल लावतो. मला या सगळ्यांचा आता शीण आलाय.

अण्णा हल्ली मला तिच्याच टोपणनावाने हाक मारतात. चिमे, पाणी दे. चिमे, दार लाव. पहिल्यांदा मी दुरुस्त केलं, आता ओ देते. लेकीच्या जागी धरलं, यात वाईट काय आहे?

१८ मे

पुलाजवळचा एक खुंटा हलायला लागला म्हणून गवंडीकाकांना बोलावलं. अण्णांचे जुने जोडीदार. आता बांधकामं करतात, पण या कड्याचं काम असलं की हातातलं टाकून येतात. खुंटा बदलला, खाली आले, सामानाच्या खोलीत चहा पीत बसले. अण्णा बाहेर पाहुण्यांना हातमोजे वाटत होते.

मी फुशारकीने सांगितलं, "काका, आज पाच होत्या. पाचही काढल्या."

"पाच काय?"

"चुका. अण्णा आता मला एक ठेवतच नाहीत. तीनच्या खाली गोष्ट नाही."

काकांनी कप खाली ठेवला. "सापडल्या की तो काय म्हणतो?"

"काय म्हणणार? हं."

"कुठली ठेवली होती ते सांगतो कधी?"

"ते कशाला सांगतील? मीच दाखवते."

काका बराच वेळ बाहेर अण्णांकडे बघत राहिले. मला वाटलं, जळतात की काय, त्यांच्या वेळी एकच असायची ना. मग म्हणाले, "पोरी, एक ऐक. सगळ्या सापडल्या असं कधी धरून चालू नकोस. पाच सापडल्या तर सहावी शोध. सहावी सापडली तरी शोधत राहा. आणि पुढे तू चालत जा, त्याला मागे ठेव."

"मागेच असतात बहुतेक."

"रोज ठेव."

मी हो म्हटलं. चहा अर्धा टाकून गेले. म्हातारी माणसं एकेकदा उगाच चेहरा पाडतात.

९ जून

आज अक्षर वाकडं येईल, येऊ दे.

आज दोन बहिणी आल्या होत्या. थोरली शिक्षिका, धाकटी कसल्याशा प्रयोगशाळेत. हसऱ्या, घाबरट, एकमेकींना टोमणे मारणाऱ्या. अण्णा सकाळी खुशीत होते, म्हणाले, "आज मी पुढे." काकांचं बोलणं आठवलं, पण मी थकले होते, आणि पुढे चालायचं नाही म्हणजे बडबड करायची नाही, हेही मनात आलं. म्हटलं, जा.

न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत सगळं नीट. बहिणी ओटीवर टेकून बसल्या, दोघींचे हुक तारेत. अण्णा ओटीच्या टोकाला, पुलाच्या तोंडाशी असलेल्या खुंट्याजवळ उभे होते. मी ओटीच्या अलीकडच्या टोकाला. विनोद झाला. बहिणी हसल्या. अण्णांनी एक हुक काढला. मग दुसरा काढला.

दोन्ही हुक हातात. पाय पुलाच्या तारेवर एक आणि ओटीवर एक. खाली सरळ मोकळं.

माझ्या मनात काय आलं असेल? मला आनंद झाला. म्हटलं, बघा, पाहुण्यांसमोर माझी परीक्षा! मी खणखणीत आवाजात ओरडले, "सापडली!"

अण्णांनी वळून बघितलं. मी "हं" ची वाट बघत हसत उभी. अण्णा हातातल्या हुकांकडे बघत होते, आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे. मग अगदी साध्या आवाजात, दुकानात भाव विचारावा तसं, मला म्हणाले, "चिमे, हे कुठे लावायचं गं?"

हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं असणार, कारण ते काढायला वेळच नव्हता. म्हटलं, "तिथेच थांबा, अण्णा. तार धरा. दोन्ही हातांनी धरा." मी त्या बहिणींच्या पुढून ओटीवरून निघाले. त्यांचे हुक मध्ये येत होते, प्रत्येक वेळी माझा एक काढ, पलीकडे लाव, खटका बघ, मग दुसरा. धावत सुटावंसं वाटत होतं आणि हात मात्र एक आधी, एक नंतर, असंच करत होते. त्यांनीच शिकवलेले हात. अण्णांजवळ पोचले. त्यांचा एक हुक लावला. खटका बघितला. दुसरा लावला. खटका बघितला. मग त्यांचा पट्टा मुठीत घट्ट धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.

मागून टाळ्या वाजल्या. थोरली म्हणाली, "किती छान दाखवलंत! म्हणजे असं करायचं नाही, हो ना?"

मी म्हटलं, "हो. असं कधी करायचं नाही."

पुढे मी चालले. अण्णा माझ्या लगेच मागे, प्रत्येक खुंट्याला मी थांबून बघत होते. वर पोचल्यावर ते दगडावर बसले आणि म्हणाले, "आज पाय दुखतोय जरा."

१० जून

आज गट घेतला नाही. सकाळी सामानाच्या खोलीत गेले तर अण्णा नेहमीसारखे आधीच तिथे. हुक पुसत होते. मी सगळ्यावर हात फिरवला. चार सापडल्या. चारही टेबलावर ओळीने ठेवल्या. "सापडली" म्हणायला तोंड उघडलं नाही.

"अण्णा, खरं सांगा. आज किती ठेवल्या होत्या?"

"एक," ते म्हणाले. "मी एकच ठेवतो. दोन कधी ठेवायच्या नाहीत." मग त्यांचं टेबलाकडे लक्ष गेलं. "या कुणाच्या?"

त्यांचं बोट एकीवरून दुसरीवर फिरलं.

"यातली माझी कुठली?"

"मला माहीत नाही, अण्णा."

त्यांनी एक हेल्मेट उचललं आणि परत ठेवलं. "सगळ्या सापडतात ना तुला? रोज?"

मला "हो" म्हणायचं होतं. पण मार्चपासूनचे सगळे पाहुणे डोळ्यांसमोर आले, ते डॉक्टर, ते नवे नवरा-नवरी, ती साठीची बाई जी पुलावर गाणं म्हणत होती. एवढ्यांतला एखादा पट्टा माझ्या बोटाखालून निसटला असेल आणि ओढ बसली नाही म्हणून माणूस जिवंत घरी गेला असेल. "माहीत नाही," मी परत म्हटलं, आणि दोघंही खाली बसलो.

मला रडू आलं, आणि कशाचं आलं ते लिहिते, कारण इथे नाही तर कुठे? अण्णांचं आलंच. पण आधी माझं स्वतःचं आलं. कुणी माझ्यासाठी नियम मोडला नव्हता. माझी परीक्षा एकीवरच थांबली होती. बाकी नुसती एक म्हातारी चूक होती, रोज थोडी वाढत जाणारी, आणि मी तिला शाबासकी समजून मिरवत होते.

१६ जून

नवरा सुट्टी काढून आला. डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, हे विसरणं वर्षभरापासून तरी असणार, तुमच्या लक्षात कसं आलं नाही? नवरा माझ्याकडे बघायला लागला. मीही त्याच्याकडे बघितलं. फोनवर "एकच असायची" म्हणणारा तोच ना? नणंदेला फोन केला तर ती भांडलीच नाही. "वहिनी, मला वाटलं तू लपवतेस," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "मला दिसलंच नाही गं."

अण्णांना सांगायचं कुणी? त्यांचा मुलगा अंगणात जाऊन गुडघा चोळत बसला. मीच सांगितलं. "अण्णा, आता कड्यावर नाही."

"हा कडा माझा आहे!" भिंतीवरचा पट्टा ओरबाडून त्यांनी माझ्या पायाशी टाकला. "तू जन्माला यायच्या आधीपासून मी त्याच्यावर लोंबकळतोय! काल आलेली पोर मला शिकवणार?" इतक्या वर्षांत त्यांना एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं. मीही चिडले. म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही पडला असतात! माझ्या डोळ्यांदेखत पडला असतात, आणि मी टाळी वाजवायला उभी होते!"

त्यांनी खाली वाकून पट्टा उचलला, बकलात पट्टी घातली आणि खुंटीवर लावला. पट्टी परत वळवलेली नव्हती. मी बघितलं.

२९ जून

गवंडीकाका आता मागे चालतात. बांधकाम सोडून आलेत, विचारलं तर म्हणतात, "घरी बसून काय करू? ही नुसतं ओरडते." त्यांना सगळं मे महिन्यातच कळलं होतं. मला सरळ का नाही सांगितलं, असं विचारलं. म्हणाले, "तुला तेव्हा इतका आनंद झाला होता."

अण्णा दिवसभर पायरीवर बसून असतात. पाहुणे आले की उठून उभे राहतात, मग कुणी काही विचारलं नाही की परत बसतात. हे बघवत नाही. थकवा अंगाचा असतो तो झोपेने जातो, हा दुसराच कसला तरी आहे.

२ जुलै

आज नाश्त्याला म्हटलं, "अण्णा, सामान तपासायला माणूस हवाय. काका आणि मी दमतो."

"मला काय कळतं आता?"

"ते बघू. उद्यापासून मी रोज एक चूक ठेवणार. पाहुणे यायच्या आत शोधायची."

त्यांनी असं बघितलं की मला वाटलं, बशी फेकून मारणार. "मला परीक्षा?"

"का, घाबरलात?"

३ जुलै

पहाटे आधी मी सगळ्यावर हात फिरवला, काकांनी फिरवला, परत मी फिरवला. सगळं ठीक केलं. मग एका हेल्मेटची पट्टी पिळून ठेवली. एकच.

अण्णा आले. शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. काही न बोलता एका टोकापासून सुरुवात केली, हातात घेऊन, वास घेतल्यासारखं जवळ धरून. मी दाराशी चहा घेऊन उभी, माझीच परीक्षा असल्यासारखी.

"सापडली!"

अख्खी खोली दणाणली. बाहेर काका दचकले.

मी म्हटलं, "हं." जरा उशिरा म्हटलं.

२० जुलै

सापडली. दिवसभर खुशीत. पाहुण्यांना सांगत होते, "या बाईच्या हातून रोज एक चूक होते, मी आहे म्हणून बरं." पाहुणे माझ्याकडे संशयाने बघत वर आले.

६ ऑगस्ट

सापडली, पण पाहुणे गाडीतून उतरत होते तेव्हा. सोपी ठेवली होती.

२३ ऑगस्ट

आज दारासमोरच्याच खुंटीवर, सगळ्यात पुढच्या पट्ट्याचं बकल सरळ उघडं ठेवलं होतं. लोंबत होतं. न दिसायचा प्रश्नच नाही.

अण्णा त्याच्यापुढे आले. हातात घेतलं. बोटं बकलावरून फिरली, थांबली नाहीत. परत खुंटीवर लावलं, पुढचा घेतला. शेवटपर्यंत गेले, परत पहिल्यापासून सुरू केलं. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, दारं उघडली. अण्णांच्या कपाळावर घाम होता. पायरीवर पावलं वाजली तेव्हा ते माझ्याकडे वळले. तो चेहरा दहा मार्चला माझा होता, मला लगेच ओळखू आला.

"आज ठेवली नाहीस वाटतं," ते हळूच म्हणाले.

पद्धत अशी की आता मी तो पट्टा पाहुण्याच्या हातून काढून घ्यायचा आणि अण्णांकडे बघायचं नाही.

मी त्यांच्याकडेच बघितलं. "नाही, अण्णा. आज सगळं बरोबर आहे."

"हं," अण्णा म्हणाले आणि पायरीवर जाऊन बसले. पाहुणे आत यायच्या आधी मी तो पट्टा खुंटीवरून काढला आणि माझ्याच कमरेला बांधला. पट्टी बकलातून घातली, परत वळवली, ओढून बघितली.

उद्या आणखी सोपी ठेवेन.